वाढलं

आमच्या घरात कुठलीही वस्तू संपत नाही. ती वाढते. मीठ वाढतं, तेल वाढतं, चहापूड वाढते. लग्न होऊन नगरच्या नागापुरात आले, त्या पहिल्याच आठवड्यात मी ओट्यापासून ओरडले होते, "आत्या, साखर संपली!" आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्या बाहेरच्या खोलीत गोधडी शिवत बसल्या होत्या. सुई तशीच कापडात खुपसून आत आल्या, माझ्या हातातला डबा घेतला, त्याला झाकण लावलं आणि म्हणाल्या, "संपली म्हनू न्हाई, पोरी. वाढली म्हनावं. संपली म्हनलं की डबा रुसतोय."

हे, म्हणजे त्यांचे चिरंजीव, याच्या अगदी विरुद्ध. "आई, आपण असलं काही मानत नाही. विहारात जातेस ना? संपलं तर संपलं म्हणायचं." त्यावर आत्या शांतपणे म्हणायच्या, "तू संपलं म्हन, मी वाढलं म्हनते. डब्यात काय येतंय ते मग बघू." डब्यात काय येणार ते यांच्या पगारावर ठरायचं आणि पगार दोघांचंही ऐकत नव्हता.

मी मात्र त्या शब्दाला सरावले. पुढे पुढे तर मला त्याची गंमत वाटू लागली. डब्यातलं सरलं तरी वाढलं, ताटात घातलं तरी वाढलं, दुकानात भाव चढला तरी वाढलं, आणि पोर अंगानं थोराड झाली तरी वाढलीच. एका शब्दाला किती राबवून घ्यावं माणसानं! आता गंमत वाटत नाही. आता तो शब्द कानावर पडला की आधी मी डब्यांच्या फळीकडे बघते आणि मग कळतं, की कोणत्या अर्थानं म्हटलाय.

काल आषाढी पौर्णिमा झाली. विहाराला नवा चुना लागला, दारात पंचरंगी झेंड्यांची माळ फडफडली आणि वर्षावास सुरू झाला. पावसाळ्याचे हे तीन महिने भिक्खू एका जागी राहतात. आम्ही संसारी माणसं रोज संध्याकाळी विहारात जमतो आणि ग्रंथाची दोन-चार पानं वाचतो. पावसाळा म्हणायचं, पण नगरच्या पावसाचं सांगण्यासारखं फार नसतं. ढग येतात, कारखान्यांच्या पत्र्यांवर थोडं वाजवतात आणि पुढे निघून जातात. मागे उरतो तो वारा. दिवसभर सुटलेला, दोरीवरचे कपडे पिळवटणारा, उगाच भूक वाढवणारा गार वारा. काल विहारातून परतताना तो अंगावर आला आणि तीन वर्षांपूर्वीचा वर्षावास जसाच्या तसा समोर उभा राहिला. खरं तर तो कधी गेलाच नव्हता.

त्या वर्षी यांच्या वर्कशॉपमधला ओव्हरटाइम बंद झाला होता. हे पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेसवर काम करतात. नुसत्या पगारात भाडं आणि आमच्या मुलीची, सुजाताची, फी भागायची. घरात चूल पेटायची ती ओव्हरटाइमवर. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते, पण बायका साड्याच घेईनाशा झाल्या तर मी कशाला काय लावणार? आणि नेमकं त्याच पावसाळ्यात किराणा असा चढत गेला, की कोपऱ्यावरचा दुकानदार भाव सांगायच्या आधीच म्हणायचा, "वहिनी, माझ्या हातात काय नाही बरं." मी डोळे वटारून बघायची, जणू त्यानंच रात्रीतून तूरडाळ महाग केली होती. तो बिचारा मान खाली घालून पुड्या बांधायचा.

जे किलोनं यायचं ते पावानं येऊ लागलं. तूर गेली, मसूर आली. मग मसुरीतही पाणी जास्त आणि डाळ कमी. पोळीला तेल लावणं थांबलं. दुधाचा चहा सुजातापुरता, बाकीच्यांना कोरा. टोमॅटोच्या जागी चिंच. तेलाची पिशवी रिकामी झाली की मी ती कात्रीनं उभी चिरायची, परातीत पालथी टाकायची आणि तिच्यावर कणीक फिरवायची. पिशवीला लागलेला शेवटचा ओशट थर कणकेनं पुसून घ्यायचा. असल्या चिंधीचोर हुशारीचा मला तेव्हा अभिमान वाटायचा, हे आज लिहिताना लाज वाटते.

आणि येसूर. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, त्यात धने, मिरे, सुकं खोबरं घालून दळून आणायचं, की झालं येसूर. चार चमचे पाण्यात कालवून फोडणीत सोडलं की घरादाराला पुरेल एवढी आमटी. आत्यांच्या हातच्या येसुराला गल्लीतून मागणी यायची. त्या वर्षी त्यांनी खोबऱ्याचा भाव ऐकला आणि पदर तोंडाला लावला. येसुरात नुसती बाजरीच बाजरी घातली. "खोबरं न्हाई म्हनून आमटी काय रडत न्हाई," त्या म्हणाल्या. पण पहिला घास घेतल्यावर चौघांनीही मिठाकडे हात नेला.

त्याच सुमारास तो फोनचा प्रकार घडला. दुपारी मी यांना फोन केला. पलीकडे मशिनचा धडधडाट. मी ओरडले, "अहो, तेल वाढलंय!" हेही ओरडले, "हो, कळलं! इथंही सगळे तेच बोलतायत!" आणि फोन ठेवला. संध्याकाळी हात हलवत घरी आले. मी पिशवीकडे बघते, तर पिशवीच नाही.

"तेल?"

"अगं, वाढलंय ना? तूच म्हणालीस."

"वाढलंय म्हणजे घरातलं वाढलंय!"

हे कपाळाला हात लावून खाली बसले. "म्हणून म्हणतो, संपलं म्हणत जा." आणि मग आम्ही हसत सुटलो. आत्या हसल्या, सुजाता तर भिंतीला टेकून हसली. त्या दिवशी आमटीला फोडणी नव्हती, आणि तरीही ते त्या पावसाळ्यातलं शेवटचं चांगलं जेवण होतं. हसण्यामुळे मला एक गोष्ट दिसली नाही. यांनी पुन्हा चपला घातल्या नव्हत्या. दुकान दोन मिनिटांवर होतं आणि हे उठले नव्हते. खिशात काही नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता.

तो आत्यांना दिसला असावा. दुसऱ्याच दिवशी त्या विहारातून आल्या आणि म्हणाल्या, "मी उपोसथ धरलाय. समद्या वर्षावासाचा. सांच्याला मला वाढू नको."

उपोसथाचा नियम साधा आहे. दुपारी बारापर्यंत काय खायचं ते खायचं, त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. आमच्यातले बरेच जण पौर्णिमेला धरतात, काही जण अष्टमीलाही. सगळे तीन महिने धरणाऱ्या बायका मात्र बोटावर मोजण्याइतक्या. आत्या त्यातल्या कधीच नव्हत्या. त्या पाथर्डीकडच्या कोरड्या गावातल्या. तरुणपणी ऊसतोडीला देवळाली प्रवरेच्या बाजूला जायच्या, पहाटेपासून मोळ्या बांधायच्या. त्यांचं एकच म्हणणं असायचं: दिवसभर काहीही होवो, दिवेलागणीला गरम भाकरी पाहिजे. "सांजची भाकर म्हंजी दिवसाचा पगार," असं म्हणून त्या मांडी ठोकून बसायच्या. त्या आत्या आता म्हणत होत्या, मला वाढू नको.

हे खूश झाले. "आईला धम्माची गोडी लागली," असं चार जणांना सांगून आले. यांना खरंच तसं वाटलं, की तसं वाटून घेणं सोयीचं होतं, हे मी आजवर विचारलेलं नाही. विचारलं तर हेही मला काही विचारतील.

भांडली ती एकटी सुजाता. ती तेव्हा बारावीला होती. तिचं नाव आत्यांनीच ठेवलेलं, जिनं उपाशी तपस्व्याला खीर दिली तिच्यावरून. तेच हत्यार तिनं आजीवर उगारलं. "आजी, तथागतांनी उपाशी राहणं सोडलं होतं! शरीर वाळवून काही मिळत नाही म्हणून सोडलं. सुजाताची खीर खाल्ली. मग तू का?"

आत्या तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "त्यांनी येकदा खाल्ली. मी तर रोज दुपारी खाते. मग कोन जास्त खातंय?"

"चेष्टा करू नको, आजी."

"तुझी खीर आली की म्या बी खाईन. आदी शिक, नोकरी लाग, मग घाल खीर. तवर ह्यो घास तुझा. खा."

आणि आपल्या वाटणीची भाकरी तिच्या ताटाकडे सरकवली. सुजातानं ती खाल्ली. वाढत्या वयाची पोर, कॉलेजातून चालत आलेली, ती किती वेळ भांडणार?

भाद्रपदातली संध्याकाळ. सहा वाजले असतील. मी पिकोच्या साड्या पोचवायला गेले होते, पण ज्यांना द्यायच्या त्या घरी नव्हत्या, म्हणून लवकर परतले. दार लोटलेलं होतं. फटीतून ओटा दिसत होता. आत्या फळीपाशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या. येसुराचा डबा काखेत धरलेला. डाव्या तळहातावर कोरडं येसूर घेतलं होतं आणि त्या ते चाटत होत्या. भराभर. ठसका लागला तसा त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला, आवाज होऊ नये म्हणून. मग तळहात पुन्हा चाटला. बोटांच्या बेचक्यांतूनही.

त्या सत्तरीच्या होत्या. या घरात जे कोणी खाल्लं ते त्यांनी आधी भाजलेलं, दळलेलं, थापलेलं होतं, आणि त्या स्वतःच्याच घरात चोरून पीठ खात होत्या.

मी आत जायला हवं होतं. डबा काढून घेऊन त्यांना खाली बसवायला हवं होतं. तव्यावर भाकरी टाकून म्हणायला हवं होतं, आत्या, खड्ड्यात गेला तो भाव. मी काय केलं ते सांगते. मी चपलांचा आवाज न करता मागे फिरले. जिन्यापर्यंत गेले. तिथं थोडी थांबले आणि मग चपला चांगल्या फटाफटा वाजवत, "कोण आहे गं घरात?" असं मोठ्यानं म्हणत परत आले. आत शिरले तेव्हा डबा फळीवर होता आणि आत्या खिडकीशी बसल्या होत्या. त्यांच्या ओठांवर पीठ होतं. मी म्हणाले, "आत्या, दमला असाल, पडा जरा." त्या म्हणाल्या, "व्हय, पडते."

मी त्यांची लाज राखली, असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की तोवर मला त्यांच्या न जेवण्याची सवय झाली होती. संध्याकाळी थापायच्या भाकरीत एक-दीड कमी झाली होती. पीठ महिनाअखेरीपर्यंत पुरत होतं. मी बोलले असते तर त्या ताटावर बसल्या असत्या, आणि मग कुणाच्या तरी ताटातलं कमी करावं लागलं असतं. मला ठाऊक होतं आणि मी बोलले नाही.

एक अवघड गोष्ट अजून आहे. त्यांचं व्रत खोटं नव्हतं. त्या रोज विहारात जायच्या, पुढच्या रांगेत बसायच्या, डोळे मिटून वंदना म्हणायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असायचं ते सोंग नव्हतं. निव्वळ सोंग असतं तर मला राग तरी धरता आला असता. पण त्यांनी भुकेला शील म्हटलं आणि मग ते शील मनापासून पाळलं. संपलंला वाढलं म्हणणाऱ्या बाईला ते कसं जमलं, हे मी समजू शकते. त्या तळहातभर येसुराची त्यांना केवढी टोचणी लागली असेल, याचा विचार मात्र मी करू शकत नाही. दुसऱ्या दिवसापासून येसुराचा डबा त्यांनी माझ्या हातानं वरच्या फळीवर ठेववला. "माजा हात पुरत न्हाई तिथं ठीव," म्हणाल्या. मी ठेवला. का, ते विचारलं नाही.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. विहारात खीरदान झालं. घरोघरून कुणी तांदूळ, कुणी साखर, कुणी दूध दिलं. आम्ही मूठभर साखर नेली. संध्याकाळी मी इरेला पेटल्यासारखा सैपाक केला. पगार झाला होता. दाट तुरीची डाळ, लसणाची खरपूस फोडणी, दोन भाज्या, गरम भाकरी. सुजातानं विहारातून वाटीभर खीर झाकून आणली होती. आत्यांना मध्यभागी बसवलं. हे म्हणाले, "आई, सुटला तुझा उपोसथ. जेव आता पोटभर."

आत्यांनी घास मोडला. तोंडात घातला. चावत राहिल्या. बराच वेळ चावत राहिल्या आणि मग पाणी प्यायल्या. दुसरा घास हातातच राहिला.

"जात न्हाई गं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, चूक झाल्यासारख्या. "सांच्याला आता भूकच लागंना. ऱ्हाऊ दे. सकाळी खाईन."

सकाळी त्यांनी थोडं खाल्लं. संध्याकाळी पुन्हा नाही. उद्या खातील, परवा खातील, असं करत दिवाळी आली, मग थंडी. मी रव्याची लापशी करून बघितली, ताकभात करून बघितला. दोन घासांवर गाडी जात नव्हती. शरीरानं संध्याकाळचं जेवण विसरून टाकलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली आणि मला म्हणाल्या, "अशक्तपणा फार आहे. खायला घाला यांना. संध्याकाळचं जेवण चुकवू नका, नाहीतर पुढचा पावसाळा काढणार नाहीत." मी मान डोलावली. डॉक्टरीणबाईंना वाटलं, सून समजूतदार आहे.

एक सोडून दोन पावसाळे काढले त्यांनी आणि आता तिसरा लागलाय, पण ते कसे काढले ते आम्हाला माहीत. दंडाची कातडी लोंबते. उठताना भिंत लागते. आणि या तीन वर्षांत काय उतरलं? एकही भाव उतरला नाही. ओव्हरटाइम कधी असतो, कधी नसतो. सुजाता आता सकाळी कॉलेज करून दुपारी एका पॅकिंगच्या युनिटमध्ये जाते. तिचे पैसे घरात कधी आले आणि कशात गेले हे कळतसुद्धा नाही. खिरीचं मात्र अजून जमलेलं नाही.

तर काल सकाळी विहारात. वंदना झाली आणि कमलताईंनी, ग्रंथवाचन त्याच करतात, नेहमीप्रमाणे विचारलं, "यंदा संपूर्ण वर्षावास उपोसथ कोण धरणार? हात वर करा."

इतर वर्षी चार-पाच हात वर होतात. काल मी बघत राहिले. मागच्या गल्लीतली, जिच्या नवऱ्याचं काम उन्हाळ्यात सुटलं, तिचा हात. जिच्या घरी तीन मुलं आहेत तिचा. पोळ्या लाटायला जाते तिचा आणि तिच्या सासूचाही. ज्या बायका गेल्या वर्षीपर्यंत विहारात खीर खायला तेवढ्या यायच्या, त्यांचे हात. एकेक करत सगळ्या हॉलभर हात. कमलताईंनी हात जोडले. "बघा! दरवर्षीपेक्षा उपासिका किती वाढल्या!" त्या म्हणाल्या. सगळ्यांनी "साधू, साधू, साधू" म्हटलं. आम्ही बायकांनी मात्र एकमेकींकडे बघितलं नाही.

माझ्या शेजारी सुजाता बसली होती. तिचा हात गुडघ्यावरून उचलला गेला. वर जाऊ लागला. खांद्यापर्यंत आला तेव्हा मी तो मनगटात धरला आणि खाली ओढला. जोरात ओढला, तिची बांगडी वाजली. आणि माझा दुसरा हात वर केला. कमलताईंनी माझं नाव घेतलं.

घरी आल्यावर सुजातानं फणकाऱ्यात सगळं आजीला सांगितलं. "मी धरणार होते, आजी. आईनं हात ओढला सगळ्यांसमोर." आत्या बाजेवर पडून होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की त्या संध्याकाळी दारातून मागे फिरताना न वाजलेल्या माझ्या चपलाही त्यांनी ऐकल्या होत्या हे मला कळलं.

दिवेलागणीला मी येसुराची आमटी केली. भाकरी थापल्या, आता थापते तेवढ्याच, तिघांपुरत्या. हे बसले. सुजाता वाढायला बसली. तेवढ्यात भिंतीला धरत धरत आत्या आल्या आणि तिच्यासमोर मांडी घालून बसल्या.

"मला वाढ गं," त्या सुजाताला म्हणाल्या.

"आजी? जाईल तुला?"

"न जायला काय झालं? तुज्याम्होरं खानार हाय मी. रोज खानार. तू बी खायचं. हात-बित वर करायचा न्हाई."

सुजातानं वाढलं. आत्यांनी भाकरी आमटीत कुस्करली. पहिला घास घेतला. गळ्याची शीर ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं, पण घास खाली गेला. मग दुसरा. प्रत्येक घासाला त्या सुजाताकडे बघत होत्या, ती बघतेय ना म्हणून. हे खाली मान घालून जेवत होते. तव्यावर काही राहिलं नव्हतं आणि भांड्यात पळीभर आमटी होती.

सुजातानं ती पळीत घेतली आणि माझ्याकडे वळली. "आई, तुझं ताट?"

"मला वाढू नको," मी म्हणाले. "माझा उपोसथ आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं पळी आपल्या ताटात रिकामी केली आणि जेवायला लागली.